पूर्वेकडं तोंड केलेली गाडी

ऐका गं बायांनो, कतारला, दोह्यात, बिन महमूद भागातल्या एका बिल्डिंगीत राहत होतो आम्ही, माझा लेक दिनकर, त्याची पोटुशी बायको मंगल आणि मी. माझा राहण्याचा परवाना यायचा होता. नाही आला, तर बाळंतपणाआधीच मला परत नाशिक.

दिनकरनं नवी गाडी आणली. मी म्हटलं, "पूजेला तोंड पूर्वेकडं हवं." त्यानं ती रस्त्यात आडवी लावली. हळदकुंकू घेऊन खाली येतो, तो काचेवर दंडाची चिठ्ठी!

"आई, माझ्या नावावर दंड असला की तुझा परवाना अडकतो!"

 दोघं पोलिसात गेलो. अरब साहेबानं हिंदीत विचारलं, "गाडी आडवी का?" दिनकरच्या आधी मीच बोलले, "साहेब, पूजेशिवाय नव्या गाडीत बसायचं कसं?"

साहेब ताडकन उठला. वाटलं, आता धाडतो नाशिकला! तर म्हणतो, "माझ्या आईनंही ऊदाचा धूर फिरवल्याशिवाय मला नव्या गाडीत बसू दिलं नव्हतं." आणि चिठ्ठी टराटरा फाडली. 

आठवड्यानं पासपोर्टवर परवान्याचा शिक्का बसला, आणि नातीला पहिलं न्हाऊ मीच घातलं.