नववी ब ची पेशी

दाखविले ते दिसेना । पाहिले ते विसरेना ॥

म्हणा मंडळी, माझ्यासंगं म्हणा! दाखविले ते दिसेना — अहो, जोरात! महाप्रसादाची बुंदी घशात अडकली का? हां, आता कसं!

बरं, मला एक सांगा. डोळे किती? दोन! ती पुढची आजी चार म्हणते — चष्म्यासकट. बरोबर आहे माय तुझं. पण डोळे उघडे असले म्हणजे माणूस पाहतो का हो? आणि समोर आणून धरलं, म्हणजे दिसतं का? मुलगी दाखवायचा कार्यक्रम होतो. पाहुणे येतात, पाहतात, जातात. वाटेत बायको विचारते, "पोरीचे डोळे कसे होते हो?" हा म्हणतो, "डोळे? पोह्यांत शेंगदाणे मात्र भरपूर होते!"

हसू नका! तुमच्यातलेच होते ते.

तर प्रश्न एवढाच — दाखवणं मोठं की पाहणं मोठं? याचं उत्तर एका कांद्यात आहे. हो, कांद्यात! चातुर्मास आहे, ठाऊक आहे मला. कांदा खायला वर्ज्य आहे, ऐकायला नाही. ऐका!

आपल्या वऱ्हाडातलंच एक गाव. चिंचझरी. गावाला एक शाळा, शाळेत एक नववी ब, आणि नववी ब ला जीवशास्त्र शिकवणाऱ्या कुंदाबाई राखुंडे. एकोणीस वर्षं झाली त्यांना. अंगानं बारीक, आवाजानं मऊ. पण खडू हातात घेतला, की फळ्यावर अशी पेशी काढायच्या — अहाहा! जणू दिवाळीची रांगोळी! बाहेर भिंत, आत केंद्रक, मधे ठिपके ठिपके. पोरं वहीत उतरवून घ्यायची. पाच गुणांची आकृती, पाच गुण पक्के!

आणि एका सोमवारी शाळेत आला डिजिटल फळा.

काय सांगू थाट! मुख्याध्यापक उमरकर सर — इतिहासाचा माणूस हो, पण त्या दिवशी चेहऱ्यावर असं तेज, जणू अफझलखान यांनीच पाडला! फळ्याला हार घातला. कुंकू लावलं. काचेवर कुंकू! आणि नारळ फोडला तो बरोबर बटणाच्या पेटीवर. पाणी आत गेलं. तीन दिवस फळा नुसता हुंकार देत होता. गावात बोलवा उठली, फळा जागृत आहे!

मग तो सुरू झाला. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू — सुंदर होता! उमरकर सरांनी बोट लावलं, आणि काचेवर पेशी उभी राहिली. जांभळी! गोल! गरगर फिरते, आतले अवयव एकेक करून बाहेर येतात, परत आत जातात. मागे सतार वाजते, एक गोड बाई शुद्ध मराठीत सांगते. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुंदाबाईंनीही पिटल्या. का नाही पिटायच्या?

तास संपला. कुंदाबाईंनी सहज विचारलं, "बोला रे, पेशी कुठं असते?"

सगळा वर्ग एका सुरात — "फळ्यात, बाई!"

बाई हसल्या. "आचल, तू सांग. तुझ्यात आहे का पेशी?"

आचल ढोले उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, वर्गातली हुशार पोरगी. म्हणाली, "नाई जी बाई. आमच्या घरी वायफाय नाई."

हसलात ना? कुंदाबाई नाही हसल्या. त्या खुर्चीत बसल्या. त्यांना वाटलं, हा दोष फळ्याचा आहे. मग वाटलं — थांब कुंदे. एकोणीस वर्षं तू तरी काय केलंस? रांगोळी काढलीस! खडूचा फळा असो की विजेचा, पेशी तुझीही फळ्यातच राहिली. शाळेला सूक्ष्मदर्शक आहे. तो कुठं आहे? कपाटात. कपाटाला काय आहे? कुलूप. किल्ली? उमरकर सरांच्या खिशात. का? तर — "पोरं फोडतील!" देवाला देव्हाऱ्यात कोंडावं, तसा तो दोन नळ्यांचा देव एकोणीस वर्षं फडक्यात गुंडाळून बसलेला!

दोन नळ्या नाही हो — एकच नळी. बोलण्याच्या भरात वाढली.

आणि त्याच दिवशी आलं पत्र. संस्थेचं. संस्थेच्या पाच शाळा. लिहिलं होतं — येत्या गुरुवारी तपासणीला देवतळे साहेब येतील. चित्रफितीवर वर्ग नीट चालतो, असा त्यांचा अभिप्राय आला, की पाचही शाळांत जीवशास्त्र फळाच शिकवील. आणि शिक्षिका? शिक्षिका ठरतील 'अतिरिक्त'.

अतिरिक्त! काय शब्द आहे पाहा! भाजीत मीठ अतिरिक्त, लग्नात आत्याचा नवरा अतिरिक्त, आणि वर्गात बाई अतिरिक्त! कुंदाबाईंनी पत्राची घडी घातली. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जायचं तर जाऊ. पण या पोरांना एकदा खरी पेशी दाखवून जाऊ."

उमरकर सरांकडे गेल्या. "सर, कपाटाची किल्ली."

"कशाला बाई? फळा आहे ना!"

"फळ्यालाच जोडायचा आहे, सर."

'फळ्याला' म्हटल्याबरोबर किल्ली बाहेर! काही माणसांना देवाच्या नावानं मागा, देत नाहीत. फळ्याच्या नावानं मागा, देतात.

आता प्रयोगाला काय लागतं? कांद्याचा पापुद्रा. म्हणून कुंदाबाईंनी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. बाई सरळ, निरोपही सरळ —

'गुरुवारी अकरा वाजता शाळेत नववी ब ची पेशी आहे. प्रत्येकाने एक कांदा आणावा. गैरहजर राहू नये.'

अरे देवा!

अहो, आपल्या वऱ्हाडात पेशी म्हणजे काय? पोरांच्या पुस्तकात पेशी म्हणजे शरीराचा कण. आणि बापाच्या कपाळावर पेशी म्हणजे — कोर्टाची तारीख! इथं बसलेल्यांत कितीजण पेशीवर जाऊन आले? हात वर नका करू, उद्या वकील घरी येईल!

आचलचा बाप शालिक ढोले. त्याचा चुलतभाऊ गुणवंत ढोले, त्याची पोरगी सेजल, तीही नववी ब. या दोघा भावांची बावीस वर्षं केस चालू. कशाची? धुऱ्याची! दोन वावरांमधला बांध — हातभर रुंद! बावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण पारावर बसतात एकाच. मग बोलायचं असलं तर? पारावर एक कुत्रा आहे. त्याच्याशी बोलतात!

त्या संध्याकाळी शालिक तावातावानं पारावर आला. कुत्र्याला म्हणाला, "का रे मोत्या, लोकाइची हिंमत पाह्य! धुऱ्याची केस आता पोरीइच्या शाळेत नेली!"

गुणवंत कुत्र्याला म्हणतो, "मोत्या, सांग त्याले, मले बी तेच समन्स आलं हाय. म्या नाई लावली पेशी."

"मंग कांदा कायले सांगतला, मोत्या?"

यावर पारावरचे सगळे जाणते विचारात पडले. शेवटी पुंडलिक न्हावी म्हणाला, "सोप्पं हाय. साहेबासमोर डोयात पाणी याले नको का?"

गुरुवार उजाडला. अकरा वाजले. कुंदाबाई दारात येऊन पाहतात, तर पोरांबरोबर अख्खे पालक! धुतलेली धोतरं, टोप्या. एका हातात केसची फाईल, एका हातात कांदा. आया पदर डोक्यावर घेऊन — त्यांच्याही हातात कांदा. एकानं तर वकील आणलेला! त्या वकिलाच्या हातातही कांदा!

"हे काय?" बाई म्हणाल्या.

शालिकनं हात जोडले. "पेशीले आलो, बाई. गैरहजर नाई राह्यलो."

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात जीप. देवतळे साहेब! हातात टॅब, डोळ्यांवर चष्मा, मनात घाई. गर्दी पाहून खूश झाले. "वा! पालकांचा सहभाग शंभर टक्के!" टॅबवर टिचकी.

उमरकर सरांनी फळा लावला. सतार वाजली — टिंग — आणि थांबली. नेट गेलं! काचेवर नुसतं एक पांढरं चक्र. गोल गोल फिरतंय. फिरतंय, फिरतंय. सरांना घाम. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

आणि इतिहासाच्या माणसानं इतिहास घडवला. म्हणाले, "हीच, साहेब! हीच ती पेशी! बघा कशी जिवंत फिरतेय!"

मंडळी, साहेबांनी लिहिलं! 'पेशी समाधानकारक रीतीने फिरते.' टिचकी!

म्हणजे झालं! वर्ग नीट चालला, बाई अतिरिक्त! साहेब उठायच्या बेतात. कुंदाबाई पुढे आल्या. "साहेब, पाच मिनिटं."

आचलच्या हातातला कांदा घेतला. चिरला. आतल्या पाकळीचा पापुद्रा अलगद ओढला. कसा? दुधावरची साय उचलावी तसा! काचपट्टीवर ठेवला. वर टिंचरचा एक थेंब, जखमेवर लावतो तेच. पट्टी नळीखाली. आणि नळीच्या डोळ्यावर काय ठेवलं? स्वतःचा मोबाईल! केसांचा रबर काढून करकचून बांधला, वायरीनं फळ्याला जोडला. नेट नको, सतार नको.

आणि भिंतभर उजळला — कांदा!

जांभळा नाही. फिरत नाही. फिक्या पिवळ्या घरांची रांग. घराला लागून घर, घराला लागून घर, आणि प्रत्येक घरात एकच गडद ठिपका, जणू उंबऱ्यात कुणी दिवा ठेवलाय.

आचल हळूच म्हणाली, "बाई... हे माझ्या कांद्यात होतं?"

"तुझ्या कांद्यात. आणि तुझ्यातही. गालाच्या आतून काडी फिरव, दाखवते तुला."

आचलनं गालाला हात लावला. आपलंच घर पहिल्यांदा सापडावं, तसा.

आणि मागून शालिक पुढं आला. डोळे फळ्यावर. "अरे, हे त वावर हाय! हे पाह्य, हे एक वावर, हे दुसरं वावर. अन् हा मधात धुरा!" तो वळला. शेजारी कुत्रा नव्हता. शेजारी गुणवंत होता. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा शालिक त्याला म्हणाला — "पाह्य ना रे गुणवंता. एकच धुरा हाय. दोघाइचा."

कांदियाच्या पापुद्र्यात । घर घराला लागून ॥
एक भिंत दोघांमध्ये । तिचा वाद ना अजून ॥

साहेबही उठले होते. फळ्याकडे नाही गेले. वाकले, मोबाईल बाजूला केला, आणि नळीला डोळा लावला. बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा चष्मा कपाळावर. हळू आवाजात म्हणाले, "बीएस्सी आहे मी, बाई. ही आकृती शंभरदा काढलीय. पेशी आज पाहिली."

मग भानावर आले. घसा खाकरला. "ठीक आहे. अहवाल नंतर पाठवतो."

नंतर!

हा शब्द चुकला, मंडळी. बावीस वर्षं पेशी करणाऱ्यांपुढे 'नंतर' म्हणायचं नसतं!

"नंतर म्हणजे पुढची तारीख?" शालिकनं विचारलं.

"साहेब, आमी वावरातलं काम सोडून आलो," गुणवंत म्हणाला. "कांदे आनले. आता निकाल द्या!"

"कसला निकाल?"

"ह्या बाई ठेवता का काढता, त्याचा!" आचलची आई पदर खोचून पुढं झाली. "पोरगी सांगत होती आमची, बाईले काढाचं पत्र आलं म्हून. निकालाबिगर दार उघडाचं नाई!" आणि चाळीस पालकांनी चाळीस कांदे पुढं केले. वर्गात असा वास सुटला, की साहेबांचे डोळे खरंच भरून आले! पुंडलिक न्हावी म्हणाला, "म्या म्हनलं नव्हतं?"

साहेबांनी टॅब पाहिला. त्यात दोनच चौकोन. फळा चालतो — होय, नाही. पोरांना कळलं का, याचा चौकोनच नव्हता! मग त्यांनी टॅब मिटला. खिशातून पेन काढलं. साधा कागद घेतला. आणि लिहिलं — 'फळा उपयुक्त. बाई आवश्यक.' खाली सही.

चार शब्द! कुंदाबाईंनी 'आवश्यक' हा शब्द दोनदा वाचला, आणि मग मात्र कांद्याचं निमित्त करून रडून घेतलं.

वकील काय म्हणाला ठाऊक आहे? "निकालाची नक्कल मिळेल का?"

आता तुम्ही विचाराल, बुवा, त्या भावांचा समेट झाला का? नाही हो. व्यासपीठावरून खोटं सांगणार नाही. केस चालू आहे. पण पुढच्या पेशीला दोघं तालुक्याला गेले, ते एकाच फटफटीवर. मागं बसलेल्यानं पुढच्याचा खांदा धरला होता. मोत्या बिचारा पारावर एकटा. त्याच्याशी बोलायला कुणी नाही!

आणि आता तुमच्याकडे वळतो. कुंदाबाईंनी मोबाईल फेकला का? नाही! कांद्यापुढं धरला. यंत्र वाईट नाही माझ्या बापा, यंत्र कशापुढं धरतोस ते सांग! तो खांबाजवळचा निळा सदरा — हो, तूच! पहिल्या अभंगापासून फोन उभा धरून आहेस. कीर्तन घरी दाखवणार आहेस, चांगलं आहे. पण तुझी म्हातारी तुझ्या शेजारीच बसली आहे. मघा कांद्यात घराला घर लागलेलं सांगितलं ना, तेव्हा तिनं डोळे पुसले. ते तू पाहिलंस का?

नाही पाहिलंस. तुझ्या फोनमध्ये मी आहे, ती नाही.

फोन खाली ठेव. तिच्याकडं एकदा बघ. आम्ही थांबतो. मृदंगवाले बुवा, तुम्हीही थांबा.

...

दिसली? हां! मग आता वाजवा, बुवा —

दाखविले ते दिसेना । पाहिले ते विसरेना ॥