गार अडवायला नेलेला माणूस

नाव रागिणी गोपाल नाथे, वय ३४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार वडनेर, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती. ठाण्यात स्वतः येऊन समक्ष सांगते ती हकीकत अशी.

माझे पती गोपाल हे गारपीट कमी करण्याच्या प्रयोगात निरीक्षक आहेत. ढग चढू लागला की ते शेतातून अकोल्याला फोन करतात. तिथून विमान येते आणि ढगात क्षाराच्या नळ्या पेटवते, म्हणजे गार मोठी होत नाही. विमान माझे पती उडवत नाहीत, हे मी शंभरदा सांगितले. कोणाच्या डोक्यात शिरले नाही.

कारण आमच्या घराकडे पूर्वी गारपगारीचे काम होते. गावाचा नारळ घ्यायचा आणि मंत्र म्हणून गार वळवायची. नारळ घेतला की गारेचा जाब त्या घराला. ह्यांना नोकरी लागली तेव्हा बाया नारळ घेऊन आल्या. मी नको म्हटले. हे हसून म्हणाले, "घेतो वं, म्हाताऱ्यायचं मन राह्यते."

मागच्या आठवड्यात विमान येऊन गेले. आमच्या शिवारात फक्त पाऊस पडला. शेजारच्या धानोरीत लिंबाएवढ्या गारा पडल्या. संत्र्याचा बहर झडला, भगवंत राऊत यांचा बैल दावणीलाच मेला. आम्ही गार वळवून त्यांच्यावर टाकली अशी बोलवा उठली.

आज दुपारी भगवंत, त्यांचा भाऊ बंडू आणि आणखी दोघे घरी आले. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. भगवंत यांनी ह्यांच्या हातात नारळ ठेवून वरून मूठ दाबून धरली. म्हणाले, "गोपाल, पुन्हा भरून येऊन राह्यलं. आज आमच्या वावरात उभा राय. गार आली त पयले तुह्यावर येईन." मी म्हटले, "काहून नेता त्याईले? फोन त इथूनही लागते." बंडू म्हणाला, "वहिनी, तुमी घरात राहा." ह्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेले.

नंतर ह्यांचा एकच फोन आला. "रागिणी, उघड्या वावरात उभं केलं मले. हे शेडातून पाहून राह्यले, काठ्या हायेत. विमान येत नाही, ढग लई उंच गेला, पायलट नाही म्हणते. ह्याईले सांगतलं त म्हणतात, विमान नाही त तू हायेस ना." पुढे कोणीतरी फोन हिसकावून घेतला. तेव्हापासून बंद आहे.

हवालदार साहेबांचे म्हणणे, मारहाण झालेली नाही, माणूस ओळखीच्यांसोबत गेला आहे, पाऊस ओसरला की गाडी पाठवू. हेही लिहा असे मी सांगितले, म्हणून लिहिले आहे. मला गाडी आत्ता पाहिजे.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. वाचताना ठाण्याच्या पत्र्यावर गारा पडू लागल्या, त्यामुळे शेवटच्या ओळी ऐकू आल्या नाहीत. त्या मी स्वतः वाचून सही केली आहे.