ओके दाबलं, तीच सही

मला कायद्याचा सल्ला विचारायच्या आधी रफिकभाईंचं ऐका. गुलमंडीत माझ्या दुकानाशेजारी ते कपडे शिवतात. बायकोच्या ऑपरेशनसाठी त्यांनी मोबाईलवरच्या एका ॲपवरून पंधरा दिवसांचं कर्ज घेतलं. व्याज लई वाढलं तसे माझ्याकडं आले.

मी ऐटीत म्हणालो, "कागदावर सही केली का? नाय ना? मग कसला करार? फोनच उचलू नका."

त्यांनी उचलला नाही. तेव्हा ॲपवाल्यांनी त्यांच्या मोबाईलमधले नंबर काढले आणि मुलीच्या होणाऱ्या सासरी फोन करून सांगितलं, की हा माणूस चोर आहे. ठरलेला रिश्ता तुटला.

मग मी त्यांना एका वकीलबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, "ओके दाबलं तरी करार होतो. घेतलेले पैसे द्यावेच लागतात. पण असा छळ करणं गुन्हा आहे. आधीच आला असता तर तक्रार करून हे थांबवता आलं असतं. सही नाही म्हणजे करार नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझी मान खाली गेली.

रफिकभाई म्हणाले, "कुणी नाय मॅडम, माझंच डोकं चाललं नाय."