पिशवीतला हिरवा दिवा

महाड स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत रेश्मा बाकावर बसली होती. शेजारी तिच्या नवऱ्याच्या कारखान्यातले दोन साहेब बोलत होते.

“धुराची नवी घंटा स्वतःच स्वतःला तपासते. पोटात चिमूटभर धूर सोडते, हुंगते आणि हिरवा दिवा लावते.”

“आणि खंडेनवमीच्या पूजेत धुपानं बोंबलू नये म्हणून पोरांनी तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, ती?”

“सॉल्व्हंटच्या गोदामात अजून तशीच आहे.”

“म्हणजे आग लागली तरी बाहेरचा धूर आत जायचा नाही.”

“नाहीच.”

“आणि दिवा?”

“रोज हिरवा. घरचाच धूर, घरचंच नाक.”

“वर कळवलंत?”

“काय कळवू? हिरव्या दिव्याची तक्रार कोण ऐकतो?”

रेश्मानं नवऱ्याला फोन लावला.

“अहो, तुमच्या गोदामातल्या घंटेवरची पिशवी आधी काढा.”

“मीच बांधलीय गो ती. पन काढू कशी? छत केवढं उंच हाय!”

“बांधलीत कशी मग?”

“तपासनीसाच्या शिडीवर चढून. घंटा आपली आपणच तपासते म्हणून दसऱ्यानंतर त्याला कामावरनं काढला. जाताना तो शिडी घेऊन गेला.”