चार जोडी चपला आणि आप्पांची मेथी

आदरणीय अध्यक्ष धोंडीरामकाका, व्यासपीठावरील मान्यवर, सातपूर सोडून पुण्याला निघालेल्या आपल्या फिजिओथेरपिस्ट साक्षी मॅडम, आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या माझ्या काका-मावश्यांनो, सर्वांना नमस्कार.

तुम्ही सगळे त्यांना साक्षीताई म्हणता. मी मॅडम म्हणतो. कारण कृपया विचारू नये. त्यांचं लग्न ठरलंय, आता त्या कारणाला काही अर्थ नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या मुलाला भाषणाला उभं करणं ही काकांची हौस, तेव्हा परिणामही त्यांनीच भोगावेत.

आपल्या संघाची एक सुंदर पद्धत आहे. कुणी सभासद पडला, की भेटायला जाताना आपण नवी चप्पल नेतो. म्हणजे दोष चपलेचा, माणूस निर्दोष. माझे आजोबा कारभारी आप्पा, हे पहिल्या रांगेत बसलेत, वर्षात चारदा पडले. एकदा मनगट मोडलं, एकदा कपाळाला सात टाके. घरी चार जोड आले.

मनगटाच्या व्यायामासाठी मॅडम आल्या. दाराशीच म्हणाल्या, "दुकान काढलंय का?" मी हसलो. तेव्हा त्या काहीही म्हणाल्या तरी मी हसायचो. मग आप्पांना ओट्यावर चालवता चालवता त्यांनी विचारलं, "आप्पा, आज भाजी कोणती होती?"

आप्पा जागीच थांबले. बऱ्याच वेळाने "मेथी" म्हणाले आणि मग पुढचं पाऊल टाकलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा थांबले.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चालणं आणि आठवणं त्यांना एकाच वेळी जमत नाहीये. या वयात वारंवार पडणं ही कधी कधी मेंदू थकत चालल्याची खूण असते. स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या."

माझं डोकं फिरलं. "आमच्या आप्पांना वेडं ठरवताय का?"

"मी फक्त भाजी विचारली हो."

आप्पाही ओट्यावरून गरजले, "चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढली, एक बोट गेलं नाय माझं. लय शिकवू नको, पोरी." आजोबा-नातवाने मिळून त्यांना वाटेला लावलं. प्रेमात पडलेला माणूस असं करतो का? मी केलं.

आठ महिने गेले. अंबडला बहिणीकडे निघालेले आप्पा एके दुपारी भलत्याच बाजूला, द्वारका चौकात सापडले. कुठे जायचंय, ते सांगता येईना. मग तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "पडणारा प्रत्येक जण विसरायला लागतो असं नाही. पण हे आठ महिने आपल्या हातात होते." ते आठ महिने मी घालवले, स्वाभिमानाने. मॅडम मात्र हे कळताच दुसऱ्या दिवशी येऊन आप्पांना पुन्हा चालवू लागल्या.

रविवारी याच हॉलमध्ये स्मरणशक्तीची तपासणी आहे. गेल्या वर्षी आपले अकरा सभासद पडले. यादीत नावं किती? एकही नाही. तुमच्या बाथरूमची फरशी ओली होती, हे मला माहीत आहे. तरी या.

मॅडम, पुण्यात सुखी राहा. हे वाक्य घरी वीस वेळा म्हणून पाहिलं होतं. आत्ता कुठे नीट आलं.

सर्वांचे आभार. माझ्याकडून कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. आप्पा तुमचं नाव विसरले, तर मात्र पोटात घालू नका. मला फोन करा.