हिरो आवडेनासा झाला

चारोटीहून उधव्याला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी दोन मैत्रिणी दाटीवाटीने बसल्या होत्या.

"शितल, तुझं कोपर लागतंय मला."

"लागू दे, दक्षा. काल मोबाईलवर तो शाळेवरचा जुना पिक्चर परत बघितला. हिरोला कानाखाली द्यावीशी वाटली."

"त्याच्यावर तर तू मरायचीस."

"तेव्हा अक्कल कुठे होती? स्वतः सगळ्यांना हसवतो आणि मार खायला दोस्ताला पुढे करतो."

"आमचे हेही आश्रमशाळेत तसेच होते. घरात अजून हसवतात."

"सुनिल हसवणारच. त्याची झाडलोटीची पाळी मी करायची, हा पायरीवर बसून तुम्हा सगळ्यांना गुरुजींची नक्कल करून दाखवायचा."

"तुला कोणी सांगितलं होतं करायला?"

"कोणीच नाही."

"मग आता कशाला उकरून काढतेस? आमचं लग्न झाल्यापासून घरी पाणी प्यायलासुद्धा आली नाहीस. ते विचारतात, शितल रागावली काय."

"त्याला सांग, रागावली नाही."

"मग काय सांगू?"

"सांग, तारप्याच्या नाचात मी शेजारी त्याच्यासाठी जागा ठेवली होती. तो आला आणि तुझ्या कमरेला हात घालून नाचला."