भांड्यांचा लिलाव

मंडळी, मला एक सांगा — कामाची किंमत कोणी ठरवायची? पैसे देणाऱ्यानं, की काम करणाऱ्यानं? पुढच्या रांगेतले पुरुष म्हणतात, देणाऱ्यानं! मागून बायकांचा आवाजच नाही. त्या नुसत्या हसताहेत. ऐका तर मग.

वसंतराव ढमाले. भैरोबाच्या जत्रेत देवापुढच्या नारळांचा लिलाव पुकारणारा माणूस. आवाज असा, की झोपलेला बोली लावून मोकळा!

या वसंतरावांनी पोरांना घरकामाचा खाऊचा पैसा ठरवला. आदेश डेअरीतून दूध आणतो, त्याला आठवड्याला वीस रुपये. ऋतुजा भांडी घासते, तिला पाच. पोरीनं विचारलं, असं का? तर म्हणे, तो बाहेर जातो, उन्हातान्हात सायकल मारतो. घरातलं काय, ते होतंच!

होतंच म्हणे! आपोआप होतं का हो, माउली?

पोर रडली नाही. गोड आवाजात म्हणाली, "बाबा, मग घरातही लिलाव करा. जो कमी पैशात करील, त्याचं काम."

वसंतराव खूश! पैसे वाचणार ना! रविवारी ओट्यावर बसून पुकारलं — दूध! आदेश म्हणाला वीस, ऋतुजा पंधरा. तो दहा, ही दोन! दूध गेलं दोन रुपयांत. वसंतरावांनी मांडीवर थाप मारली.

मग पुकारलं — भांडी, पाच रुपये! ऋतुजा गप्प. आदेश आढ्याकडे बघतोय. दहा! गप्प. पन्नास! आदेश म्हणाला, शंभर दिले तरी ती करपलेली कढई नको.

तेव्हा स्वयंपाकघरातून वसंतरावांची बायको कुसुमताई बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या, "अहो, बोली आली नाही तर पुकारणाऱ्यानंच नारळ घरी न्यायचा, हा नियम जत्रेत तुम्हीच केलात ना?" आणि वसंतरावांच्या हातात भांडी घासायचा काथ्या दिला.

आठवडाभर वसंतराव मोरीत! कंबर धरली, नखांत काजळी गेली. शेवटी पोरीजवळ बसून म्हणाले, "चुकलं माझं. घरातलं काम मला दिसलंच नव्हतं." तेव्हापासून दोघांना सारखे पैसे, आणि भांडी आळीपाळीनं — बापासकट.

हसताय काय? महाप्रसादानंतर मोठी पातेली घासायची आहेत. बोला, पहिली बोली कोणाची? कोणीच नाही? मग नियमानं मीच. या बघा, बाह्या वर केल्या. पण पुढच्या रांगेतल्यांनो, मी एकटा आहे, पातेली बरीच आहेत, आणि आज बायका जागच्या उठणार नाहीत.